आकाशातली फरदड

मला लोकांना शिकवायची खोड आहे. बाबांना तर मी कळायला लागल्यापासून शिकवत आले आहे. त्यांनी त्यातलं निम्मं ऐकून घेतलं आणि निम्म्या वेळी उठून बैलांना चारा टाकायला गेले. म्हणून त्या वर्षी संक्रांतीला घरी आले आणि आमच्या वावरात जानेवारीतही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, हिरवीगार उभी दिसली, तेव्हा माझी जीभ वळवळायला लागली यात नवल नाही.

आमचं गाव वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, त्यामुळे रस्त्याकडच्या तासांमधला, म्हणजे ओळींमधला, कापूस फुटतो तोच जरा करडा. बाकी वावर चांगलं, काळ्या मातीचं आणि पाणी धरून ठेवणारं. दसरा-दिवाळीला वेचणी सुरू होते, तीन-चार वेचे झाले की डिसेंबरच्या शेवटी झाडं थकतात. तेव्हा ती उपटून वावर रिकामं करायचं असतं. पण विहिरीला पाणी असलं की मोह सुटत नाही. दोन पाणी दिले की थकलेली पऱ्हाटी पुन्हा पालवते, फुलं धरते आणि मार्चपर्यंत आणखी एखाददुसरा वेचा देऊन जाते. याला फरदड म्हणतात. यात वाईट एवढंच, की गुलाबी बोंडअळीलाही उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत घर आणि जेवण मिळतं. एरवी उपाशी मरायची ती जगते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कोवळ्या कपाशीवर जाते. फरदड ठेवणारा एक असतो, त्याच्या वावरातून अळी मात्र गावभर फिरते.

धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधाच्या पलीकडचं, वावर काकूचं. नात्यानं ती आमची कोणी नाही. तिचा नवरा खाणीत पाळीवर जातो, म्हणून शेती तीच बघते, आणि आमच्यापेक्षा बरी बघते. तिनं तिची पऱ्हाटी नाताळाआधीच उपटली होती. मी आल्याचं कळल्यावर तिनं मला धुऱ्यावर बोलावून घेतलं. गेल्या हंगामात तिच्या वावरात फुलाफुलाला डोमकळी होती. अळी आत शिरली की कपाशीचं फूल उमलतच नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून कळीसारख्या राहतात, तिला डोमकळी म्हणतात. बोंडं फुटली तर आत नुसती पिवळी कवडी, किडका डागाळलेला कापूस. हे सगळं सांगताना ती आमच्या हिरव्या तासांकडे एकदाही बघत नव्हती.

"तुह्या बाबाले मी दोनदा सांगतलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा सांगतलं तर भांडण होईन. तू सांग."

मी जेवताना विषय काढला. बाबांनी आधी विहिरीला यंदा पाणी किती आहे ते सांगितलं, मग साऱ्या गावात निम्मे लोक फरदड ठेवतात हे सांगितलं, मग भाजीत तिखट कमी आहे म्हणून आईला बोलले. मी सोडत नाही म्हटल्यावर हात थांबवून खरं ते बोलले. "हिरवं झाड उपटाले माहा हात होत नाही. मेलेलं असतं तर उपटलं असतं."

त्यावर मी माझं काम काढलं. उपग्रह सांभाळणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करते. माझ्या वाट्याला दोन कामं आहेत. आमचा उपग्रह वर कशावर आदळणार नाही ना, हे रोज बघायचं, आणि त्याच्या टाकीत इंधन किती उरलं याचा हिशेब ठेवायचा. वर फार गर्दी झाली आहे. चालू उपग्रहांपेक्षा बंद पडलेले, जुन्या रॉकेटचे रिकामे डबे, आदळून झालेले तुकडे आणि त्या तुकड्यांचे तुकडे यांचीच काळजी जास्त. हाताएवढा तुकडासुद्धा एवढ्या वेगानं येतो की चांगल्या उपग्रहाचा चुरा करतो, आणि मग त्या चुऱ्यातला प्रत्येक कण आणखी कोणावर तरी जायला मोकळा. म्हणून नियम असा, की टाकीत शेवटचं थोडं इंधन असतानाच उपग्रहाला खालच्या कक्षेत आणून सोडायचं. तिथं हवा विरळ असली तरी ती त्याला ओढत ओढत खाली आणते आणि तो जळून जातो. वरची वाट मोकळी होते.

बाबांनी हे सगळं नीट ऐकलं. बैलांकडे गेले नाहीत. "चालतं यंत्र पाडता तुमी?" त्यांनी विचारलं.

"चालतं असतानाच पाडावं लागते, बाबा. बंद पडल्यावर ते कोनाचं ऐकत नाही."

"अन् तुमी पाडता?"

"पाडतो," मी म्हटलं.

मी खोटं बोलले असं त्या वेळी मला वाटलं नाही. नियम तसा होता, तो लिहिण्यात माझाही हात होता. पण माझ्या हातून तोवर एकही उपग्रह खाली आणायची वेळ आलेली नव्हती, आणि हे मी सांगितलं नाही. नियम पाळणाऱ्यांच्या रुबाबात मी बोलले आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन वावरात गेले. मला वाटलं होतं, चार दिवस तणतण करतील, मग माझी रजा संपेल आणि विषयही. पण ते गेले. चिमट्यात खोड धरायचं आणि दांड्यावर भार देऊन मुळासकट वर काढायचं, असं तास-तास करत ते पुढे सरकत होते. हिरवी झाडं मेलेल्यांसारखी सहज येत नाहीत, माती घट्ट धरून ठेवतात. दुपारी मीही गेले. तासाभरात तळहाताला फोड आले, पण बाबा थांबत नाहीत तर मी कशी थांबणार. एका ठिकाणी त्यांनी झाडावरचं हिरवं बोंड तोडून नखानं फोडलं. आत गुलाबी अळी होती. दुसरं फोडलं, त्यातही. आठ-दहा बोंडं त्यांनी फोडून बघितली आणि मग बघायचं सोडून दिलं. संध्याकाळी ते धुरा ओलांडून काकूच्या अंगणात गेले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. माझ्या आठवणीत ते कधी कोणाच्या दारी अशा कामासाठी गेले नव्हते. आल्यावर न जेवता झोपले.

मला तेव्हा फार अभिमान वाटला. बाबांचा वाटला, आणि खरं सांगायचं तर माझाच जास्त वाटला. बसमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात ती गोष्ट दोनदा घोळवली, ऑफिसात कशी सांगायची तेही ठरवलं.

सांगितलीही. सगळे हसले, कौतुक झालं. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या उपग्रहाची बैठक लागली.

तो उपग्रह माझ्या पहिल्या नोकरीपासूनचा. जमिनीचे फोटो काढायचा, पिकं, तळी, जंगलं. आमच्या तालुक्यावरूनही जायचा आणि मी कधी कधी कोणाला न सांगता आमचं गाव शोधायची. वावर त्यात दिसत नाही, पण खाणींचे काळे खड्डे दिसतात, त्यावरून अंदाज लागतो. ठरलेलं आयुष्य त्यानं केव्हाच ओलांडलं होतं. टाकीत एवढंच इंधन उरलं होतं, की एकतर त्याला खाली आणायचं, नाहीतर आणखी वर्षभर जागेवर ठेवायचं. दोन्ही होणार नव्हतं. हा हिशेब माझाच होता आणि तो चुकलेला नव्हता.

आमचे साहेब भले माणूस आहेत. तो उपग्रह त्यांनी बांधताना पाहिलेला, त्यांची निवृत्ती जवळ आलेली. त्यांनी कोणावर दबाव टाकला नाही. त्यांनी फक्त आदल्या दिवशीचा फोटो पडद्यावर लावला. इतका स्वच्छ फोटो, नदीच्या पात्रातली वाळूसुद्धा वेगळी दिसत होती. अजून इतकं चांगलं काम करतोय, एक वर्ष घेऊया, ते म्हणाले. अगदी शेवटी थोडं इंधन उरेलच, त्यात जमेल तेवढं खाली आणू. उरणार नाही, हे मला माहीत होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण इंधनाच्या कागदावर माझी सही लागत होती. त्या क्षणी मला बाबांची आठवण आली असं मला लिहिता आलं असतं. पण ती आली नाही. मला तो फोटो दिसत होता, आणि चालत्या उपग्रहाला मारायला हात होत नव्हता. मी सही केली.

पावसाळ्यात एका सकाळी उपग्रह ठरल्या वेळी बोलला नाही. नंतरच्या फेरीलाही नाही. आम्ही तीन आठवडे हाका मारल्या. बॅटरी गेली असावी असा निष्कर्ष निघाला. पोटात उरलेलं इंधन तसंच ठेवून तो आता गोलांट्या खात फिरतो आहे, आणि आमच्या आकडेमोडीप्रमाणे माझ्या नातवंडांच्या नंतरही फिरत राहील. ती टाकी कधी फुटणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

मेलेल्याचं काम संपलं असं लोकांना वाटतं. माझं वाढलं. दर काही दिवसांनी मेल येतो. दुसऱ्या कोणाचा तरी उपग्रह आमच्या जवळून जाणार असतो, आणि ते लोक विचारतात, तुम्ही सरकता का आम्ही सरकू. मी उत्तर लिहिते की आमच्याकडून हालचाल शक्य नाही. मग ते सरकतात. त्यांचं इंधन जळतं, त्यांच्या उपग्रहाचं आयुष्य तेवढं कमी होतं, आणि ते आभार मानून मेल संपवतात. एकदा समोरून लिहिणारी मुलगी अगदी नवी होती. तिनं निरागसपणे विचारलं होतं, वेळेत खाली का आणला नाही. मी तो मेल तसाच ठेवून दिला. तिला उत्तर अजून दिलेलं नाही, याची मला लाज वाटते.

दिवाळीला घरी गेले. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. फोनवर बाबा ऑफिसचं विचारायचे, मी बरं चाललंय म्हणायची. काकूच्या कपाशीला यंदा डोमकळ्या कमी होत्या. अळी अगदीच गेली होती असं नाही, गावात फरदड ठेवणारे बाकी होतेच, पण तिच्या वावरात बोंडं उघडली होती आणि कापूस पांढरा होता. तिनं मला सीतादहीला बोलावलं. वेचणीला हात लावण्याआधी बाया वावरात एका झाडाखाली खडे मांडून पूजा करतात आणि दहीभात पऱ्हाटीवर शिंपडतात. मग पहिला कापूस वेचायचा. त्या दिवशी पहिलं बोंड मी वेचावं असा काकूनं हट्ट धरला. बाबाही आले होते, जरा लांब धुऱ्यावर उभे होते.

वेचणीला आलेल्या बायांना काकू माझं कौतुक सांगत होती. हिनं बापाला समजावलं, हिचे लोक आकाशातली यंत्रं चालू असतानाच खाली आणतात, असं ती सांगत होती. माझ्या हातात ते बोंड तसंच होतं.

"मंग, तुमचं आनलं का खाली?" तिनं विचारलं. सहज, दहीभात कालवता कालवता.

हो म्हटलं असतं तर तिथं कोणाला कळणार होतं? मी बाबांकडे बघितलं आणि मला ते म्हणता आलं नाही.

"नाही आनलं, काकू. अजून वर्षभर ठेवा म्हनून मीच सही केली. ते वरच मेलं."

"काहून?"

"चांगलं चालून राह्यलं होतं."

काकूनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "मंग आता आना खाली," ती म्हणाली, माझी समजूत घालावी तशी.

"आता ते आयकत नाही," मी म्हटलं.

बाबा धुऱ्यावरून उतरून जवळ आले. त्यांनी माझ्या हातातलं बोंड घेतलं, कापूस काढून काकूच्या ओटीत टाकला.

"मले तर उपटाले लावली तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.