तपासणीपुरती गोळी

आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर शेजारच्या सखूकाकू घाईघाईने रक्तदाबाची गोळी गिळत होत्या.

"रोज घेता ना काकू?" मी विचारलं.

"छे रे! तपासणीआधी दोनच दिवस. नाहीतर सिस्टर ओरडतात. उरलेल्या डब्यात जपून ठेवते, तुझी आई ठेवायची तशा."

आईच्या तपासणी कार्डावरचे रक्तदाबाचे आकडे मी दर महिन्याला वाचायचो आणि निर्धास्त व्हायचो. अर्धं अंग लुळं पडून ती गेली, तेव्हा गोळ्यांनी भरलेला डबा सापडला होता. शाळेत साहेब येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी पटांगण झाडायचो. आमच्याकडे तब्येतही तशीच, साहेबांपुरती नीट ठेवतात. दुसऱ्यांच्या शेतात राबून जिने मला पदवीपर्यंत नेलं, तिला मी कधी "गोळी घेतलीस का?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

मी आत जाऊन सिस्टरना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. काकूंना आत बोलावून, जवळ बसवून त्यांनी शांतपणे समजावलं. काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "एवढा शिकलास, तो चहाड्या करायला?"

पुढच्या महिन्यात सिस्टरनी त्यांचं नाव दोनदा पुकारलं. काकू आल्याच नव्हत्या.