घाटात मी हात केला नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगायचं म्हणतोय, तर धड बसवत नाहीये — मघापासून दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

सोलापुरात नवी पेठेत माझं सायकलचं दुकान. सकाळी पोरांना शर्यतीसाठी तयार करतो. बिरू त्यातलाच, माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरातला. सोलापूर सगळं सपाट. चढ हवा तर तुळजापूरचा घाट गाठायचा. तिथं आमची एक रीत — सरांनी हात केल्याशिवाय सरांच्या पुढं जायचं नाही. पोरांनी सुरुवातीलाच दम घालवू नये म्हणून मीच घालून दिलेली. चांगलीच होती की!

दोन-तीन वर्षांपूर्वी एका व्यावसायिक संघाचे व्यवस्थापक बिरूचा चढ बघायला आले. कित्येक दिवस चालणाऱ्या शर्यतीत जो डोंगर चढतो, त्याच्यासाठीच सगळा संघ राबतो. ठरलं असं — अर्ध्या घाटापर्यंत मी पुढं राहून वेग धरायचा, मग बिरूला मोकळं सोडायचं. ते मागून गाडीत, घड्याळ लावून.

अर्धा घाट आला. माझ्या छातीचा भाता झालेला. आणि मागं बिरू? त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता!

"सर, जाऊ का म्होरं?" त्यानं हळूच विचारलं.

मी ऐकलं — नीट ऐकलं. हात केला नाही.

का? माझे गुडघे संपलेत. कुणीतरी बघत असताना शेवटचं एकदा वर पहिलं पोचायचं होतं. एवढंच. पोचलो. बिरू मागोमाग, शहाण्यासारखा.

व्यवस्थापकांनी वेळ बघून तोंड वाकडं केलं, माझं मत विचारलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "सपाटीचा गडी आहे. चढ त्याचा नव्हे."

संघानं त्याला घेतलं — पुढं राहून दुसऱ्यांसाठी वारा कापायला, पाण्याच्या बाटल्या पोचवायला. घाट लागला की त्यानं मागं सरायचं. सरांनी सोडलं नाही म्हणजे आपल्यातच कमी असणार, असं त्यानंही धरून टाकलंय. याची मला लाज वाटते, आणि ती जात नाही.

तो सध्या सुट्टीवर घरी आहे. परवा फोन आला. "सर, चढाला मी का कमी पडतूय? लई इचार करतूय. तुमीच सांगा की."

मी म्हणालो, वजन जरा उतरव.

त्याच्या अंगावर उतरवायला आहे काय? नुसती हाडं. काल त्याच्या आईचा फोन — पोरगं रात्रीचं जेवंना झालंय, तुमचं ऐकतंय, तुमीच समजवा. मी बरं म्हणालो. अजून त्याला फोन केलेला नाही.