चहाने धुतलेले हात
लोणारच्या बसस्टँडवर हल्ली मोमोची गाडी लागते. तिच्यावरच्या भांड्याचं झाकण निघालं आणि आल्याच्या वासाची वाफ आली, की मला काकांचे हात आठवतात. महाराष्ट्र नुकताच झाला होता. चुलतबहिणीसाठी मुंबईतला एक सरकारी नोकर पाहायला मी काकांबरोबर दुसरबीडहून गेलो होतो. त्याने आम्हाला दुपारी एका चिनी कुटुंबाच्या हॉटेलात नेलं. आधी किटली आली. आत ना दूध ना साखर, नुसतं फिकट, कोमट पाणी. काकांनी जेवणाआधीच्या सवयीने ते बशीत हातांवर ओतून घेतलं. "अहो, चहा आहे तो!" म्हणत नवरदेव इतका हसला, की शेजारची टेबलं वळून पाहू लागली. "असं व्हय? मले वाटलं पाणी हाय," काका म्हणाले आणि बांबूच्या टोपलीतले कोलंबीचे उकडलेले मोदक निवांत खाऊ लागले. तेवढ्यात मालकाचं कुटुंब शेजारी जेवायला बसलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने तसल्याच चहाने पेले आणि जेवायच्या काड्या विसळून तो चहा वाडग्यात ओतून दिला. काकांनी ते पाहिलं. नवरदेवाने नाही, तो मोठ्या साहेबांशी असलेली आपली ओळख सांगत होता. परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय ठरलं?" काका म्हणाले, "नाही द्याची बे पोरगी. ते कुठं चुकली, तर हा चार लोकांत हसंल तिले." बहीण साखरखेर्ड्याला दिली. तिचा नवरा तिला कधीच हसला नाही. तो कशालाच हसत नाही, ही तिची तक्रार मी अजून ऐकतो.