आवडाबाईच्या चौकोनी गोवऱ्या

माघातली थंडी. पत्र्यावरून दव टपटपत होतं आणि खोपटाजवळच्या मोटार वर्कशॉपात आवडाबाई पाटी घेऊन खड्ड्यात उतरली होती. इंजिनं धुतल्यावर तेल, ग्रीस, रॉकेल, माती, सगळं त्या खड्ड्यात साचायचं आणि त्याची काळी रबडी व्हायची. ती उपसून मागच्या नाल्यात ओतायची, हे तिचं काम. पण नाला जायचा तिच्याच शेताच्या कडेनं. यंदा बांधालगतची वालाची ओळ ऐन फुलात करपली. बाकीचे वाल वाचवायचे, तर रबडी नाल्यात जाता कामा नये, असं तिनं सांगून टाकलं.

"मग कुठं ठेवशील, देव्हाऱ्यात?" फोरमन गुणाजी म्हणाला. तो घाटावरचा, तोंडानं फटकळ. "शनवारपत्तोर खड्डा मोकळा पायजे. न्हाईतर मी देतो नाल्यात सोडून."

"शनवार लांब हाय. तवर गप बस रं."

मिठागरात बांध लिंपून लिंपून आवडाबाईला चिखल कसा आवळायचा ते पक्कं ठाऊक. तिनं गिरणीतला भाताचा तूस आणला, वीटभट्टीवरची राख आणली, वर चुना. पहिला घाणा हातातून निसटून पळाला. दुसऱ्यात तूस दुप्पट घातला, तशी रबडी पिठासारखी मळता आली. चुना चावतो म्हणून हाताला गोणपाट गुंडाळलं आणि सवयीनं गोल गोल थापून, बोटं उमटवून, कंपाउंडच्या भिंतीवर वाळत लावलं.

शुक्रवारी बघते तर अर्धी भिंत मोकळी! एवढ्यात मागच्या चाळीतून काळा धूर उठला. पाठोपाठ चाळीतली मालन आली, नाकातोंडाला काजळी.

"आवडे, म्हशीला चारतेस तरी काय गं? भाकरी काळी, नवरा काळा, मांजर दिसंना झालंय!"

"मला इचारून नेल्यास काय गो? मोटारीचं शेन हाय ते!"

गुणाजी पोट धरून हसला. हसता हसता उरलेल्यांतली एक गोवरी त्यानं विरघळते का बघायला पाण्याच्या बादलीत टाकली. दुपारी पाहिलं, तर गोवरी शाबूत, पाण्यावर तेलाची तकाकी नाही.

"जमलं की म्हातारे. टेकाडावर खड्डा घेऊन पुरून टाकू. नाल्याचं नाव नको. पण गोल थापू नको बाई, चाळ जाळशील."

"चौकोनी पारते, इटांवानी."

तिनं विटांचा जुना साचा मागून आणला. शनिवारी दुपारी वर्कशॉपातला खड्डा कोरडा झाला. मग पदर खोचून आवडाबाई अंगणात सांडलेला तूस झाडायला लागली.