मधल्या खोलीतलं धान

रागात माणूस मनात नसलेलं बोलून जातो, ही सबब मी आयुष्यभर वापरत आलो. घरच्यांनी ती ऐकून घेतली, शाळेतल्यांनीही ऐकून घेतली. खरं सांगायचं तर रागात मी नेहमी मनात असलेलंच बोललो आहे. एरवी ते बोलायची हिंमत होत नव्हती, एवढंच.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, ब्रह्मपुरीपासून जीपनं अर्ध्या तासावर. मी हायस्कूलात गणित शिकवतो, बायको दुसऱ्या गावच्या शाळेत आहे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की घर वहिनीच्या हवाली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ मेंदूच्या मलेरियानं तीन दिवसांत गेला. शेवटच्या सकाळी वहिनीनं त्याला चमच्यानं तांदळाची पेज पाजली होती. अर्धी वाटी कशीबशी पोटात गेली आणि तासाभरात तो गेला. पुढच्याच वर्षी आई अर्धांगानं खाटेला खिळली. तिलाही वहिनीच पेज भरवायची, तोंड पुसायची, कुशीवर वळवायची. आम्ही येताजाता 'वहिनी आहे म्हणून निभतंय' असं म्हणायचो आणि ताट वाढायची वाट पाहायचो.

घरात इंटरनेट आलं ते समोरच्या खोलीपर्यंत. कॉम्प्युटर होता मागच्या खोलीत, कारण पुढं माकडं येतात. दोन्हींच्या मध्ये मधली खोली. मी दोनदा तार ओढली आणि दोन्ही वेळा घुशींनी ती कुरतडली. शेवटी ब्रह्मपुरीहून कॉम्प्युटरच्या आत बसवायचं वायफायचं कार्ड आणलं आणि एका रविवारी डबा उघडून बसलो.

वहिनी टॉर्च धरायला बसली. डबा उघडल्यावर आत चार-पाच वर्षांची धूळ आणि एक मेलेली पाल. मागची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड खाचेत बसवायला गेलो तर ते बसेना. "थोडं तिरपं होऊन राह्यलं भाऊजी," वहिनी म्हणाली. मी म्हणालो, "तुम्ही उजेड धरा." पण खरंच तिरपं होतं. सरळ दाबलं तर खट्ट करून बसलं. तेवढ्यात बारका स्क्रू हातातून निसटून आत पडला. माझी बोटं जाडी. मी डबा उलटा करायच्या बेतात होतो, तर तिनं डोक्यातली पिन काढली, आत हात घातला आणि स्क्रू वर काढून दिला. मी शाबास म्हणालो नाही.

मग गंमत झाली. कार्ड चालायला जो ड्रायव्हर लागतो तो सीडीवर होता, आणि आमच्या कॉम्प्युटरला सीडी लावायची सोय नव्हती. इंटरनेटवरून घ्यावा तर त्या कॉम्प्युटरला इंटरनेट मिळण्यासाठीच तो हवा. वहिनी हसली. "म्हंजे कुलपाची चाबी पेटीतच!" म्हणाली. मला तेही आवडलं नाही, कारण ते मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला, घातला, मशीन बंद करून चालू केलं, मागं दोन काळ्या अँटेना फिरवून बसवल्या. "झिंग्याच्या मिशा," ती म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यात पंखा उघडावा तसं वायफायचं चिन्ह उमटलं, पूर्ण भरलेलं.

त्या दिवशी मी खुशीत होतो. मास्तर खुशीत असला की शिकवतो. मी तिला सांगितलं की ही भिंत मातीची, दीड हात जाडीची, हिच्यातून सिग्नल फारसा येत नाही. तो येतो या खिडकीतून. मधली आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक जुनी, झडपा नसलेली खिडकी आहे, तिच्यातून. ती खिडकीकडे बघत राहिली. "मंग इथी पडदाबी नाई लावाचा," म्हणाली. हे सगळं नीट सांगतोय, कारण हे मला माहीत होतं, मीच शिकवलं होतं.

कार्डाची मला घाई नव्हती, तिला होती. लग्नाआधी ती ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.ए. झालेली. गडचिरोलीकडच्या एका संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिका हवी होती. राहायला खोली, पगार, पन्नास मुली. तिनं अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत कॉम्प्युटरवर, पडद्यासमोर बसून, सकाळी अकरा वाजता. ती घरातून बाहेर पडू शकली असती. ही एकच संधी होती आणि ती तिला माझ्याइतकीच नीट कळली होती. मी वरवर म्हणालो, "करा न, चांगलं आहे." मनात म्हणत होतो, आईचं कोण करेल?

दरम्यान धान निघालं. दरवर्षी आम्ही पोती बाहेर पडवीत रचतो, गिरणीत नंबर लागेपर्यंत ती तिथंच राहतात. त्या वर्षी हत्ती नदीच्या अलीकडे आल्याची आवई उठली. हत्तींना धानाचा वास लांबून येतो, पडवीच काय, भिंतही पाडून खातात. साऱ्या गावानं धान घरात घेतलं. मीही मजुरांना सांगितलं, मधल्या खोलीत लावा, भिंतीला चिकटून, आढ्यापर्यंत. बावीस पोती, अजून पुरती न वाळलेली. वहिनीही ओढू लागली. खिडकी पोत्यांमागं गेली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. वहिनीचे ते दिवस खळ्यात नि खाटेपाशी जात होते, कॉम्प्युटर लावून बघायला तिला सवडच नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. 'तिच्यासाठी रजा टाकली' हे चार जणांना सांगूनही झालं होतं. वहिनी साडेदहालाच तयार होऊन बसली, इस्त्रीची साडी, हातात कागदांची फाईल. मी मशीन सुरू केलं. कोपऱ्यातलं चिन्ह रिकामं. समोर जाऊन राउटर बंद-चालू केला. ड्रायव्हर काढून परत घातला. कार्ड दाबून बसवलं, अँटेना पिळल्या. अकराला पाच कमी. अकरा.

"कोणी हात लावला होता याले?" मी विचारलं.

"सकाळी फडक्यानं पुसलं फक्त," ती म्हणाली. "धूळ होती जी."

मला तेवढंच हवं होतं. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून मी तिला अहोजाहो करत आलो होतो. त्या दिवशी मी तिला अरेतुरे केलं. "तुले कोणी हात लावाले सांगितलं होतं? तुह्या हातची पेज पिऊन माहा भाऊ गेला, आता हे मशीनबी घालवलं. तुहा हातच तसा आहे."

आई खाटेवरून ऐकत होती. वहिनीनं फाईल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

तिचा साधा, बटणांचा फोन वाजला. पलीकडची बाई मोठ्यानं बोलत होती, मला ऐकू येत होतं, मॅडम, जॉईन व्हा, सगळे थांबलेत. वहिनी म्हणाली, "नेट नाई." पुन्हा म्हणाली, "नाई जी, दुसरं काही नाई आमच्याकडं." माझा मोबाईल माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्याला समोरचा कॅमेराही होता. समोरच्या खोलीत राउटरपाशी तिला खुर्ची दिली असती, तर त्याच मिनिटाला मुलाखत झाली असती. हे तेव्हा सुचलं नाही, असं लिहिता आलं असतं. पण सुचलं होतं. मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

आठवड्यानं गिरणीत नंबर लागला. ट्रॅक्टर आला आणि बियाण्याची दोन पोती सोडून सारं धान गेलं. दुपारी मी सहज मशीन लावलं, तर पंखा पूर्ण भरलेला. मी खुर्चीतून मागं वळून पाहिलं. खिडकीतून मधल्या खोलीचा उजेड आत येत होता. दोन पोती मी स्वतः उचलून खिडकीत ठेवली. चिन्ह अर्ध्यावर आलं. काढली, पुन्हा भरलं. तीनदा करून पाहिलं. मी गणिताचा मास्तर आहे, ताळा करून बघितल्याशिवाय उत्तर मान्य करत नाही.

संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "ड्रायव्हर खराब झाला होता. केला दुरुस्त." वहिनी पोळी वाढत होती. आई खाटेवरून बोबड्या आवाजात म्हणाली, "आता तिले हात लावू देऊ नको." मी पोळी मोडली.

महिन्याभरात वहिनीचा फोन परत वाजला. निवडलेली बाई रुजू झाली नव्हती. उद्या अकराला बसता का, विचारत होते. वहिनी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. उंबरठ्याच्या बाहेर. "भाऊजी, उद्या बसा म्हणते. पण मशीन माह्या हातानं..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. सोडलेलं वाक्य मी पुरं करायचं होतं. चार शब्द लागले असते. मी पडद्याकडे बघत म्हणालो, "पाहा बा तुमचं तुम्ही. पुन्हा बंद पडलं तं मी काय करू?"

तिनं अंगणात जाऊन फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही. माझा चहा उंबरठ्यावर ठेवायची. आणखी एक गोष्ट बदलली होती, तिचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. आईला ती स्वतः भरवेनाशी झाली. पेज शिजवायची, वाटी माझ्या बायकोच्या हातात द्यायची आणि भिंतीपाशी उभी राहायची. बायको शाळेतून येईपर्यंत आई कितीदा तरी उपाशी राहायची. मी वहिनीला ऐकू जाईल असं म्हणायचो, "नोकरी नाई भेटली तं रुसून राह्यली." दोन वर्षांनी आई गेली. तेव्हाही पाणी पाजायला वहिनी पुढं झाली नाही. नातेवाईक कुजबुजले, मी त्यांना अडवलं नाही.

या हिवाळ्यात एका रविवारी मी मुलांच्या परीक्षेचे मार्क कॉम्प्युटरवर भरत होतो. चहा उंबरठ्यावर निवून गेला होता आणि त्यावर साय धरली होती. मी खेकसलो, "आत आणून द्याले काय होते?"

"मशीन आहे न तिथी," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खाली विस्तव आहे, असं सांगावं तशी ती म्हणाली.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग आला. त्या रागातच मी सांगून टाकलं. खिडकी, पोती, ओलं धान, तीनदा केलेला ताळा. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता, वहिनी, मला आठवड्यातच कळलं होतं. खिशातल्या मोबाईलचंही सांगितलं. ती उंबरठ्याबाहेर उभी राहून ऐकत होती. नोकरीबद्दल बोलेल, शिव्या देईल, रडेल, याची मी तयारी केली होती. मुलींच्या वसतिगृहाचं तिनं नावही काढलं नाही.

तिनं पदराखालून हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"मंग त्या पेजेचं, भाऊजी?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "कोणती पेज?"