मराठी आलं की गप्प

"स्पीकर मोठा कर. पाहुण्यांना ऐकू दे," साहेब म्हणाले.

मी मोठा केला. बुलढाण्यातलं आमचं सरकारी ऑफिस, पाहुणे बाहेरगावचे, आणि मी तिथला जन्मांध कारकून. एका पाहुण्याचं नाव मी इंग्रजीत टाइप केलं. कॉम्प्युटरने ते बाईच्या गोड आवाजात म्हणून दाखवलं. टाळ्या. मग कुणीतरी माझ्या तोंडासमोर हात हलवून पाहिला. हवा हलते, कळतं आम्हाला. "खरंच दिसत नाही हो याला!" हशा. "आमचा हिरा आहे," असं म्हणून साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाजारात बैलाला मारतात तशी.

सगळे कचोरी खायला गेले. माझी प्लेट टेबलावर ठेवली होती. सांगितलं कोणीच नाही. घरी निघताना हात लागला, तेव्हा गारढोण झाली होती.

वर्षानुवर्षं असे पाहुणे आले आणि मी हा खेळ करत राहिलो. का करत राहिलो, ते आज सांगतो.

आम्हा आंधळ्यांना कॉम्प्युटर स्क्रीन रीडरवर चालवावा लागतो. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो. खरेदीच्या वेळी दोन समोर होते. एक विकतचा, एक फुकटचा. दोन्ही तपासायला साहेबांनी मलाच बसवलं. विकतचा इंग्रजी लोण्यासारखं वाचायचा. पण त्यात मराठी आवाजच नव्हता. मराठी आलं की गप्प. फुकटचा म्हणजे पत्र्याच्या डब्यातून कोणी ओरडतंय. जोडाक्षराला ठेचकाळायचा. पण अर्ज, टिपणी, आदेश, सगळं वाचायचा. आणि आमच्या ऑफिसचा सगळा कारभार मराठीत.

साहेबांनी दोन्ही ऐकले. "हा डबा नको रे. पाहुण्यांसमोर बरं नाही वाटत. ही बाई छान बोलते. तुला काय वाटतं?"

"हीच बरी, साहेब."

माझ्या या बोलण्यावर खरेदी झाली.

मग माझं काम कसं चालायचं? शिपाई चालवायचा. मराठी कागद माझ्या कानाशी येऊन हळूच वाचायचा. उत्तर मी बोटांच्या सवयीने टाइप करायचो, चुकलं तर तोच सांगायचा. डोळे त्याचे, शाबासकी माझी. घरी मात्र मी फुकटचाच लावायचो; ऑफिसात लावला असता, तर माझं 'हीच बरी' खोटं ठरलं असतं.

ऑफिसात हेडफोन एकाच कानाला. दुसरा मोकळा ठेवावा लागतो, कोण आलं, कोण गेलं कळायला. लोकांना वाटायचं, याचे दोन्ही कान बंद. म्हणून माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायचे. "याले पगार देणं म्हणजे पुण्याचं काम हाय बे." ऐकायचो. मान हलू द्यायचो नाही.

मग ती पोरगी आली. संग्रामपूरकडची, कंत्राटी, माझ्यासारखीच आंधळी. तिला माझ्या शेजारी बसवलं आणि तीच गोड बाई दिली. शिपाई तिच्याकडे जात नव्हता. तिनेही कधी त्याला बोलावलं नाही. तिला स्वतः वाचायचं होतं.

"काका, हे मराठी काऊन वाचत नाही?"

"तुले सवय नाही अजून. होईल."

खोटं. मशीन मुकं आहे म्हणालो असतो, तर मला विचारलं असतं, मग तू इतकी वर्षं कसं केलंस? हिऱ्याचा दगड झाला असता. म्हणून तिला दगड केलं.

तिने विश्वास ठेवला. जेवणाच्या सुट्टीतही बसून राहायची. बटणं दाबायची. थांबायची. पुन्हा दाबायची. ती टकटक माझ्या मोकळ्या कानात यायची. मी दुसऱ्या कानातला आवाज वाढवायचो.

तिचं कंत्राट वाढवलं नाही. "मन लावून शिकली नाहीस. तुझ्या काकांकडे बघ," साहेब तिला म्हणाले. माझा दाखला देऊन तिला काढलं.

स्टँडवर तिला सोडायला मी गेलो. दोघं दोन काठ्या घेऊन उभे. ती म्हणाली, "काका, माह्यातच कमी हाय ना?"

मी म्हणालो, "गाडी लागली वाटते."

गाडी लागली नव्हती.

त्यानंतर शेजारची खुर्ची वाजेना. शिपाई नसला की दिवसभर माझ्याशी फक्त ती मशीनमधली बाई बोलायची. तीही इंग्रजीत.

पुन्हा पाहुणे आले. पुन्हा स्पीकर. "वाचून दाखव रे काहीतरी." या वेळी मी त्या दिवशीचा एक मराठी आदेश उघडला. बटण दाबलं. काही नाही. फक्त पंखा. पुन्हा दाबलं. पंखा.

"बंद पडलं का?"

"नाही साहेब. चालूच हाय. हे मराठी वाचतच नाही. मले माहीत होतं. तुमाले हीच बरी म्हणून सांगतलं, ते खोटं होतं. त्या पोरीले मी फसवलं."

साहेबांसमोर मी कधी घरच्या बोलीत बोललो नव्हतो. त्या दिवशी दुसरी आलीच नाही.

कोणीतरी खाकरलं. कोणी म्हणालं, "चला, कचोरी गार होऊन राह्यली." खुर्च्या सरकल्या. खोली रिकामी झाली. शिपाई मागे राहिला. "काऊन बोलले बाप्पा? आता तुमाले फोनवर बसवतील."

बसवलं. फोन उचलायचा, साहेबांना जोडून द्यायचा. जेवायला एकटाच बसतो. शिपायालाही माझ्याजवळ बसायला मनाई आहे.

पोरीला फोन करतो, ती उचलत नाही. न उचलायचा हक्क तिचा आहे.

हे मी घरी लिहितोय, त्या कर्कश डब्यावर. माझी प्रत्येक ओळ तो मला परत ऐकवतो. "तिला दगड केलं" हेही त्याने त्याच सपाट आवाजात वाचलं. मी ते खोडलं नाही.

उद्या हेच ऑफिसात लेखी देणार, माझ्या सहीने. रविवारी संग्रामपूरची गाडी धरणार. माफी मागायला नाही, माफीने तिची नोकरी येत नाही. कमी तुझ्यात नव्हती, एवढं तिला सांगायचं. ती दाद मागायला उभी राहिली, तर तिच्या बाजूने साक्षीला मी. नोकरी गेली तरी.

आणि पाहुणे आले, मला पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं, तर मी मराठीच लावीन. मशीन गप्प बसेल. मी बसणार नाही.