आटपाडीत ओढून धरलेला सूर

मेंदूची डॉक्टर असून मी सुट्टी टाकून साताऱ्याहून एसटीने आटपाडीला निघाले, तर घरचे म्हणाले, "वेड लागलंय हिला." लागलंच होतं! धनगरी ओव्या रचणाऱ्या बिरूदादांचं बोलणं पक्षाघाताच्या झटक्याने गेलं होतं; ते अजून गातात का, एवढंच मला बघायचं होतं. विलायतेत शिकताना असाच एक पियानोवाला पाहिला होता. तोंडातून शब्द नाही, पण बोटं आयत्या वेळी नवे सूर जुळवायची. ओवीत तर शब्दही तिथल्या तिथे रचायचे. ते डोक्यात येतात कुठून?

म्हसवडच्या अलीकडे टायर फुटलं. झालं! आटपाडीत पोचेपर्यंत दुपार कलली.

बिरूदादांच्या बायकोने, ताराबाईंनी, माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) पुढे केलं. काय चव होती! त्यांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "उद्या येपारी येतोय, बाई. दीर म्हणत्यात, मेंढरं इकून टाका. ह्येंच्या मनात काय हाय, कसं कळावं? मान कवा व्हय म्हणती, कवा न्हाई."

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. सुंबरान (आरंभीचं देवाचं स्मरण) बिरूदादांनी घडाघडा गायलं. माझ्या अंगावर काटा आला. पण ते पाठ होतं. पुढची ओवी नवी हवी, आणि ती येईना. इथली रीत अशी, की गाणाऱ्याला ओळ सापडेपर्यंत झिलकऱ्यांनी (मागून साथ करणाऱ्यांनी) शेवटचा शब्द ओढत राहायचं. मध्येच सोडला तर गाणाऱ्याचा अपमान. एकाला ठसका लागला, दुसऱ्याने सूर उचलला. बिरूदादा घामाघूम. "पुरे करा हो," मी म्हणणार, तोच चारचौघांत कधी न गायलेल्या ताराबाईंनी त्याच चालीत विचारलं,

"मेंढरं इकायची का, धनी, सांगा मलाऽ…"

झिलकऱ्यांनी 'मला' ओढून धरलं. बिरूदादांनी डोळे मिटले.

"इकू नगं माजी मेंढरं, तारा, मी अजून हायऽ."

गर्दीत बसलेला ताराबाईंचा दीर मान खाली घालून रडला. मीही रडले, लपवत कशाला बसू?

सकाळी स्टँडवर ताराबाई म्हणाल्या, "आता भांडायचं बी गाऊनच का काय, बाई?" आम्ही पोट धरून हसलो.

मेंदूत बोलण्याची वाट वेगळी, गाण्याची वेगळी, हे गाडीत मला पटत होतं. पण ती नवी ओळ रचली कुणी? एकट्या बिरूदादांनी, की दम कोंडून थांबलेल्या त्या सगळ्यांनी? सातारा आला तरी उत्तर सापडलं नाही. व्यापारी मात्र मी निघायच्या आधीच हात हलवत परत गेला होता, आणि मेंढरं आटपाडीतच होती.